रतिलालचा रुमाल आणि जहाजाची खिडकी

अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात जहाजाविषयी माझ्याइतकं कोणाला कळत नाही. बाल्कनीची खोली कशी, खिडकीची कशी, बिनखिडकीची कशी, कुठल्या मजल्यावर पोटात जास्त ढवळतं, सगळं तोंडपाठ. आता मी स्वतः जहाज कधी पाहिलेलं नाही, ही गोष्ट वेगळी. खरं सांगायचं तर प्रकाशा गावाच्या पुलावरून तापीकडे पाहिलं तरी मला गरगरतं.

पण ट्रॅव्हल एजंटच्या ऑफिसात बसलेला माणूस न फिरता फिरून येतो. माझा भाचा दिलीप यात्रांची आणि क्रूझची बुकिंग घेतो. ऑफिस पहिल्या मजल्यावर, खाली मिरचीचं गोडाऊन. मी आधी यात्रेच्या गाड्या काढायचो. गुडघे गेले तसा त्याच्याकडे बसायला लागलो. काम काही नाही. गिऱ्हाइकाला चहा सांगायचा आणि चहा येईपर्यंत त्याची खेचायची. असे किस्से साचत जातात, खालच्या गोडाऊनच्या कोपऱ्यात मिरचीची भुकटी साचते तसे. कोणी झाडायला जात नाही, कारण झाडायला गेलं की ठसका लागतो.

आज झाडतो.

* * *

आधी अपग्रेड म्हणजे काय ते ऐका, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. जहाजात स्वस्त खोली आतली असते, तिला खिडकी नाही. चार भिंती, वर दिवा. महाग खोल्या बाहेरच्या, त्यांना खिडकी किंवा बाल्कनी. बाहेरच्या काही रिकाम्या राहिल्या तर कंपनी आतल्यांपैकी कोणाला तरी तिकडे हलवते. कोणाला, का, कधी, ते देवाला माहीत. कोणाला आठवडाभर आधी कळतं, कोणाला बंदरावर चावी हातात पडल्यावर.

त्यामुळे दिलीपचं एकच वाक्य ठरलेलं. "चान्सेस आहेत."

हे वाक्य त्यानं डॉक्टर लोकांकडून उचललंय. त्यात हो पण नाही आणि नाही पण नाही. गिऱ्हाईक जिना उतरताना खूश असतं, आणि खाली मिरचीच्या धुरळ्यानं त्याचे डोळे गळायला लागले की लोकांना वाटतं, वर कोणी गेलं का काय!

* * *

रतिलाल पटेल माझा शाळेपासूनचा दोस्त, मला अजून छोटूच म्हणतो. तापीकाठचा गुजर, केळी आणि कपाशीवाला. शाळेत आम्ही दोघं एकाच बाकावर नापास झालो. त्याची ख्याती एकाच गोष्टीसाठी, एसटीत रुमाल टाकणे. गाडी फलाटाला लागायच्या आत हा पळत जायचा आणि खिडकीतून नेमका सीटवर रुमाल. मग बायको, जमनाभाभी, पिशव्या घेऊन सावकाश यायची आणि महाराणीसारखी खिडकीशी बसायची. उभ्या जन्मात ती बाई एसटीत उभी राहिली नाही.

तर भाभीची फुफ्फुसं सुकायला लागली. चार पावलं टाकली की धाप. बंद खोलीत तर जीव कासावीस व्हायचा, म्हणून थंडीतसुद्धा खाट ओट्यावर. डॉक्टरांनी रतिलालला बाजूला घेऊन सांगितलं, कुठे न्यायचं असेल तर आत्ता न्या.

तिनं मागितलं काय? ना काशी, ना द्वारका. म्हणाली, "लगन करीसन उनू तैपासून ही तापी दारशी जाई ऱ्हायनी. ती जास कोठे, ते माले एकदा देखनं शे."

म्हणजे समुद्र. किनाऱ्यावरून नाही, मधून. रतिलाल तसाच उठून दिलीपकडे आला. पण त्या फेरीच्या बाहेरच्या खोल्या संपलेल्या. उरलेल्या सगळ्या आतल्या. वर डेकवर बसवावं, तर तिथे दिवसभर डीजे आणि पोरांची धावपळ, आणि भाभीला लिफ्टपर्यंत चालवत नाही. दिसायचं तर खोलीतूनच दिसायला हवं. पुढच्या फेरीची वाट पाहावी, तर डॉक्टर तेवढी वाट पाहू देईनात.

दिलीपनं आतली खोली बुक केली आणि म्हणाला, "काका, चान्सेस आहेत."

तेव्हापासून रतिलालचा रोज फोन. रामराम नाही, काही नाही. "खिडकी आली का?"

मी भाभीला भेटायला गेलो तेव्हा म्हटलं, "भाभी, जहाजवाले सांगतात, खिडकी नाही मिळाली तर भिंतीवर समुद्राचं चित्र लावून देऊ."

ती हसली. हसता हसता खोकला सुटला, तो थांबेना. रतिलाल माझ्याकडे असा पाहायला लागला की मी चपला शोधल्या. श्वास आला तशी भाभी म्हणाली, "चित्रमा मासा शे ना? नही ऱ्हायना तर तुलेच चिटकाडी देसू."

* * *

अपग्रेड मिळालं म्हणजे चांगलंच होतं, असंही नाही. आमच्याकडचे दोन गुरुजी, एका शाळेतले, एका कॉलनीतले, भिंतीला भिंत लागून घरं. दोघांनी एकाच दिवशी, एकाच खुर्चीवर आळीपाळीनं बसून सारखी खोली बुक केली. बंदरावर एकाच्या हातात आतल्या खोलीची चावी पडली, दुसऱ्याच्या बाल्कनीची.

बाल्कनीवाले गुरुजी रोज सांगायचे, "या की बसायला." आतले गुरुजी एकदाही गेले नाहीत. बायकोलाही जाऊ दिलं नाही. परत आल्यावर मधल्या भिंतीवर त्यांनी आणखी विटा चढवल्या.

पुढे बाल्कनीवाल्या गुरुजींचे वडील वारले. आतले गुरुजी खांदा द्यायला आले नाहीत. दहाव्याला आले, कोपऱ्यात बसले, पाणीसुद्धा घेतलं नाही. मी मुद्दाम जवळ जाऊन म्हटलं, "गुरुजी, आता तरी मिटवा. माणूस गेलाय."

तर मला विचारतात, "त्यांनाच का दिली ते दिलीपनं सांगितलं का कधी?"

* * *

खालच्या गोडाऊनचा शेठ वशिल्याचा माणूस. चान्स वगैरे त्याला मान्य नाही. तो एका पुढाऱ्याच्या पीएला घेऊन वर आला. पीएनं दिलीपच्या फोनवरून जहाज कंपनीला फोन लावला. तिकडे माणूस नाही, मशीन.

पीए म्हणाला, "मी कोण बोलतोय कल्पना आहे का?"

मशीन म्हणालं, "क्षमा करा, आपला पर्याय समजला नाही."

पीए चिडला. आवाज चढवला, जिल्ह्याचं नाव घेतलं, बदलीची धमकी दिली. मशीननं मुकाट्यानं संगीत लावलं. पीएनं फोनवर हात ठेवला आणि शेठला म्हणाला, "काम झालं. वाजंत्री लावली त्यांनी."

शेठनं पेढे वाटले. खोली मिळाली सगळ्यात खालच्या मजल्यावरची, आतली, इंजिनाला लागून. आल्यानंतर बरेच दिवस तो शेजारच्या माणसाशीही तालुक्याला ऐकू जाईल असं बोलायचा.

पेढे खात होतो तेव्हाच फोन वाजला. रतिलाल. "खिडकी आली का?"

दिलीपनं हातातला पेढा परत खोक्यात ठेवला.

* * *

एकदा अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरातला एक माणूस आला. जात्र्या पावरा. जिन्यावरच चपला काढून आत आला. मला वाटलं, ऊसतोडीच्या गाडीचं विचारायला आलाय. मी म्हटलं, "काय दादा, क्रूझला जायचं का? डान्स असतो, ढोल नसतो."

तो म्हणाला, "मा पोऱ्या जाय तिथे. दिलवर. खोल्या झाडतो."

आश्रमशाळेत शिकून पोरगा हॉटेलच्या कोर्सला गेला आणि तिथून जहाजावर. बापाला विचारायचं होतं, जहाज आता कुठे आहे. दिलीपनं कॉम्प्युटरवर निळ्यात एक ठिपका दाखवला. जात्र्यानं ठिपक्यावर बोट ठेवलं.

मग म्हणाला, "पोऱ्या सांगे, तो झोपे ती खोली पाण्याखाली. खरं का?"

दिलीप म्हणाला, "कामाच्या लोकांच्या खाली असतात."

"लोकं इथे खोली वर करून मागतात म्हणे. मग मा पोऱ्याची कधी वर करणार?"

दिलीपचं वाक्य तयारच असतं. त्या दिवशी ते सोडून त्यानं जात्र्याला खुर्ची पुढे केली.

* * *

मी गप्प बसणाऱ्यातला नाही हे तुम्हाला कळलंच असेल. जहाज निघायच्या आदल्या दिवशी मी खाली चहाच्या टपरीवरून, एका अनोळखी माणसाच्या मोबाइलवरून दिलीपला फोन लावला. नाकात बोललो, "हॅलो, शिप कंपनी से बोल रहे हैं. पटेल पार्टी का विंडो..."

पुढे बोलणार तोच मिरचीचा ठसका लागला.

पलीकडून दिलीप म्हणाला, "मामा, समुद्रात मिरची नसते. वर या."

वर गेलो. त्याच्या दुसऱ्या हातात दुसरा फोन होता, त्यावर रतिलालचा नंबर काढलेला. हिरवं बटण दाबायचं तेवढं बाकी. "सगळ्याची थट्टा करा," तो म्हणाला, "तिच्या खिडकीची नको." आणि त्या दिवशी भाच्यानं मला चहा सांगितला नाही.

* * *

खिडकी आली नाही. बंदरावरही आली नाही.

पुढचं मला रतिलालनं आल्यावर सांगितलं. आतल्या खोलीचं दार लागलं आणि भाभीला घाम फुटला. हा तिला उचलूनच बाहेर घेऊन आला. लांबलचक बोळ, दोन्हीकडे बंद दारं. त्यातलं एक उघडं. बाल्कनीची खोली, साफसफाई चाललेली, आत सामान नाही, माणूस नाही. समोर काचेपलीकडे नुसतं पाणी.

मग रतिलालनं तेच केलं जे आमच्याकडचा कोणीही शहाणा माणूस करेल. खिशातून रुमाल काढला आणि दारातूनच नेमका पलंगाच्या मधोमध टाकला. आत गेला आणि भाभीला बाल्कनीतल्या खुर्चीवर बसवलं.

साफसफाईवाला हडबडला. साहेब आला, पांढऱ्या कपड्यातला, परदेशी. रतिलाल त्याला पलंगाकडे बोट करून सांगतोय, "देखो, रुमाल हमारा है. पहले से है." साहेबानं रुमाल उचलला, उलटापालटा केला, त्यात काही बांधलंय का ते पाहिलं. दुसरा साहेब आला. त्यालाही कळेना. शेवटी खालून एकाला बोलावलं, नंदुरबारकडचा आहे म्हणून. तो जात्र्याचा दिलवर.

दिलवरनं एकदा रुमालाकडे पाहिलं, एकदा बाल्कनीत धापा टाकणाऱ्या म्हातारीकडे. मग साहेबाला इंग्रजीत बरंच काही सांगितलं. रतिलालनं विचारलं, "काय सांगं रे?"

"सांगितलं, आमच्या जिल्ह्यात हे बुकिंगच असतं. टाकलेला रुमाल कोणी उचलत नाही. उचलला तर भांडण होतं."

साहेबानं रुमाल घाईघाईनं परत पलंगावर ठेवला. त्या खोलीची माणसं उद्या गोव्याला चढणार होती. म्हणाला, संध्याकाळपर्यंत बसू द्या.

भाभी बसली. फार बोलवत नव्हतं. दिलवर पाणी घेऊन आला तेव्हा विचारलं, "बेटा, तापी कोणती बाजूले?"

जहाज गोव्याकडे चाललेलं, म्हणजे तापी पार मागे, सुरतेकडे राहिलेली. पोरानं सरळ समोर बोट दाखवलं. भाभीनं समोर हात जोडले.

संध्याकाळी रतिलालनं रुमाल घडी करून खिशात ठेवला.

* * *

भाभी होळीच्या महिनाभर आधी गेली. ओट्यावरच. अस्थी प्रकाशाला तापीत सोडल्या.

मध्ये बरेच दिवस रतिलाल दिसला नाही. होळीला नंदुरबारच्या स्टँडवर डोंगरातल्या काठी गावची होळी खेळायला जाणाऱ्यांची ही गर्दी. ढोल, मोरपिसांचे टोप, पायांत घुंगरू. प्रकाशाची गाडी लागली आणि मला गर्दीतून तो दिसला. पाठ वाकलेली, पण पळाला. पळाला आणि खिडकीतून रुमाल टाकला. नेमका.

मी कसाबसा आत चढलो. खिडकीच्या सीटवर रुमाल, शेजारी रतिलाल. लोक उभे, आणि तो कोणालाही तिथे बसू देत नव्हता.

आमचं तोंड म्हणजे. मी म्हटलं, "काय पटेल, आता कोणासाठी?"

त्यानं वर पाहिलं. रागावला नाही. रुमाल उचलला, झटकला, सरकून मला आत जागा करून दिली. गाडी पुलाजवळ आली. मला गरगरू नये म्हणून मी डोळे मिटून घेतले होते.

"छोटू," तो म्हणाला, "जलमभर मी पुढे घुसनू, ती मांगून उनी. या बारीले ती पुढे चालनी गयी. तठे मन्हाकरता रुमाल टाकेल शे का नही, काय माहीत. तुन्हा दिलीपले इचार, चान्सेस शेतस का."