सगळ्या गोळ्या एकाच वाटीत

परातीत ज्वारीचं पीठ मळलेलं होतं. पाच भाकऱ्या थापून झाल्या होत्या, तेवढ्याच अजून व्हायच्या होत्या, आणि खाली मांडलेल्या शेगडीपुढं कमलम्मा भिंतीला डोकं टेकून झोपली होती. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास अंगणापर्यंत गेला तेव्हा गुरुशांत धावत आत आला. त्यानं आधी गॅस बंद केला, मग बायकोच्या खांद्यावर हात ठेवला.

"भाकरी जळली की गं!"

"डोळा लागला वाटतं."

"वाटतं काय, घोरत होतीस की चांगली."

तो हसला, ती पण हसली. पण दोघांनाही ठाऊक होतं की यात हसण्यासारखं काही राहिलं नव्हतं. ज्या बाईनं मठातल्या प्रसादाला एका बैठकीत दीडशे भाकऱ्या थापल्या, तिला आता दहा भाकऱ्यांत झोप येत होती. दोन वर्षांपूर्वी थायरॉईड कमी काम करतो असं निघालं. तेव्हापासून चेहरा सुजट, आवाज जड, केस मूठमूठ गळायचे. एप्रिलात सगळं सोलापूर घामानं निथळत असायचं आणि ही अंगावर चादर घेऊन बसायची. सोमवारच्या भजनाला पहिला सूर तिचा असे. तो आता लागेना, म्हणून तिनं जाणंच बंद केलं होतं.

गुरुशांतनं चौतीस वर्षं यंत्रमाग कारखान्यात जॉबर म्हणून काढली. जॉबर म्हणजे बिघडलेला माग चालू करून देणारा. बाहेर त्याला मोठा मान, घरात मात्र त्यानं कधी पाण्याचा पेला उचलून ठेवला नव्हता. कमलम्मा आजारी पडली आणि या माणसात काय फरक झाला देव जाणे. गोळ्यांचं काम त्यानं स्वतःहून अंगावर घेतलं.

सकाळी आंघोळ करून, कपाळाला भस्म लावून कमलम्मा डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसायची. पूजा होईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब नाही, हा माहेरचा नेम. लिंग वस्त्रात गुंडाळून गळ्यात घातलं, डोळे उघडले, की समोर गुरुशांत उभा. एका हातात गरम दूध, दुसऱ्या हातात स्टीलची वाटी. वाटीत थायरॉईडची बारकी पांढरी गोळी, हाडांसाठी कॅल्शियमची खडूसारखी, रक्तासाठी लोहाची लाल, आणि चार महिन्यांपासून चौथी, हिरवी.

हिरवी शेजारच्या वैजयंतीनं दिली होती. समुद्रातल्या वनस्पतीची. "माझ्या नंदेचा थायरॉईड हिनंच उतरला," ती म्हणाली होती. "झाडपाल्याचं हाय, त्यानं कुणाला काय होतंय?"

"एक, दोन, तीन, चार. घे," गुरुशांत म्हणायचा. कमलम्मा दूध देवाला दाखवायची आणि चारही गोळ्या त्या नैवेद्याच्या दुधाबरोबर गिळायची, प्रसाद घ्यावा तशी. दोन वर्षांत एक दिवस चुकला नाही. मधे डॉक्टरांनी गोळीची ताकद दोनदा वाढवली. तरी तिसऱ्या तपासणीचा आकडा, जो उतरायला हवा होता, दुसरीपेक्षा वर आला.

मग ते सात रस्ता चौकातल्या एका नव्या डॉक्टर मॅडमकडं गेले. गुरुशांतनं सगळी पाकिटं पिशवीतून टेबलावर मांडली.

"गोळी रोज घेता ना?" मॅडमनी विचारलं.

"एक दिवस खाडा न्हाय." गुरुशांतनं छाती पुढं काढली. "मी स्वतः देतो, पूजा झाली की लगेच. चारी एकदम, गरम दुधासंगं."

मॅडमचा हात लिहिता लिहिता थांबला. त्या समजुतीनंच बोलल्या. थायरॉईडची गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर, एकटी घ्यायची असते, आणि पुढं तासभर दूधसुद्धा घ्यायचं नसतं. कॅल्शियम, लोह आणि दूध सोबत गेलं की ती अंगाला नीट लागत नाही. त्या दोन गोळ्यांत आणि हिच्यात निदान चार तास हवेत. "तुमचं रक्त आणि कॅल्शियम कमी आहे, म्हणून त्या दोन्ही लागतील. पण त्यांनी थायरॉईड बरा होत नाही. आणि ही हिरवी कुणी सांगितली? समुद्रातल्या वनस्पतीत आयोडीन असतं, आणि ते किती तेच यावर लिहिलेलं नाही. जादा आयोडीननं दुखणं वाढूही शकतं. ही बंद करा."

गुरुशांतची छाती आत गेली. "म्हणजे मीच..."

"ह्यांचं काय न्हाय मॅडम," कमलम्मा घाईनं म्हणाली. "मीच म्हनले, सगळं एकदाच द्या, सारखं कोण गिळत बसणार?"

तिनं असं कधीच म्हटलं नव्हतं. गळ्यात लिंग असताना ती खोटं बोलली, आणि त्याचं तिला वाईटही वाटलं नाही.

रिक्षा शेळगीत, घराजवळ आल्यावर तो म्हणाला, "मागाच्या फणीच्या एका घरात चार धागे कोंबले मी. नवशिक्या पोरानं असं केलं असतं तर कानाखाली दिली असती."

दुसऱ्या दिवशी पूजा झाली, कमलम्मानं डोळे उघडले. समोर कुणी नव्हतं. गुरुशांत अंगणात झाडांना पाणी घालत होता.

"अहो, गोळी?"

"फळीवर हाय. तूच घे. मला न्हाय कळत त्यातलं."

त्यानंतर पण तसंच. बोलणं जेवणापुरतं, आणि फळीकडं तर तो बघेचना. चौथ्या दिवशी फळीवरून काडेपेटी काढताना त्याच्या हाताला गोळ्यांचं पाकीट लागलं. त्यानं गोळ्या मोजल्या, परत मोजल्या.

"कमळे! तीन दिवस गोळी घेतली न्हाईस? डोकं फिरलं का तुजं?"

"देणारा येईना, मी काय करू?"

"देणाऱ्यानं वाट लावली की तुजी! दोन वर्षं वाया घालवली."

कमलम्मा खांबाला धरून उठली. आवाज जड होता, पण शब्द सरळ आले. "लग्नाला अडतीस वर्षं झाली. डोळे उघडले की तुमी समोर उभे, हे मी दोन वर्षंच बघितलं. त्याला वाया म्हनू नका. चूक झाली ती गोळ्यांची. मानसाची न्हाय."

गुरुशांतनं उपरण्यानं तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ.

"मग दुधाचं काय?" तो शेवटी म्हणाला. "नैवेद्य दाखवून तासभर ठेवायचा?"

हीच गोष्ट तिलाही तीन दिवस टोचत होती. "देव ताटकळंल म्हनता?"

"देव काय कारखान्याचा मास्तर हाय? घड्याळ घेऊन बसलाय व्हय? पूजेला पाणी ठिव. तेच पाणी, तीच गोळी. दूध तासानं दाखव."

त्याच दुपारी त्यानं तीन डब्या आणल्या आणि मागाच्या बीमला, सुताच्या रुळाला, खुणेचा दोरा बांधतात तसे त्यांना दोरे बांधले. पांढरा सकाळच्या थायरॉईडचा, लाल दुपारच्या जेवणानंतरच्या लोहाचा, पिवळा रात्रीच्या जेवणाबरोबरच्या कॅल्शियमचा. दुसऱ्या दिवशी डोळे उघडले तर तो समोर. हातात पेलाभर पाणी आणि तळहातावर एकच गोळी. मोजायला काही नव्हतं, तरी तो म्हणाला, "एक. घे."

संध्याकाळी वैजयंती कुंपणावरून डोकावली. "कमळाक्का, माझी हिरवी गोळी बंद केलीस म्हनं?"

"व्हय. नंदेला पन एकदा डॉक्टरला दाखव म्हनावं."

"मग आता तुला कोण बघतंय?"

"हाय की एक जॉबर. लई कडक. पाच मिनिटं हिकडं तिकडं होऊ देत न्हाय."

आतून गुरुशांत खोकला, म्हणजे ऐकत होता.

सहा आठवडे गेले. दुपारची झोप थोडी कमी झाली असं तिला वाटतं, त्याला वाटतं ती नुसतं त्याचं मन राखायला म्हणते. खरं काय ते रक्तच सांगेल. उद्या सकाळी साडेसातला, पूजा आटोपून, गोळी रक्त दिल्यावर घ्यायची म्हणून सोबत बांधून घेऊन, दोघांना लॅबमध्ये रक्त द्यायला जायचंय.