मूळ दराचं तिकीट

गल्लीत त्यांना भिंगबुवा म्हणतात. छापखान्यात एकतीस वर्षं ते भोकांच्या मशीनवर होते. पावती असो की तिकीट, जिथून फाडायचं तिथे बारीक भोकांची ओळ पाडायची. निवृत्त झाले, पण भिंग खिशात राहिलं आणि संशय डोक्यात. दूधवाल्याचं माप, डॉक्टरची सही, शेजाऱ्याचं हसू, सगळं भिंगाखाली.

बायको फुटबॉलची वेडी. सामने ऐकायचे ते रेडिओवर. मैदानाच्या खिडकीपाशी तीनदा रांग लावून झाली. दरवेळी हिचा नंबर यायच्या आत फळी पडायची आणि तीच तिकिटं कोपऱ्यावर पाचपट भावाने निघायची. यंदा तिच्या लाडक्या गोलकीपरचा शेवटचा सामना. आणि जावयाने दोन तिकिटं आणून दिली. मूळ दरात!

"खिडकीपाशी मुंगी शिरत नाही, आणि याला मूळ दरात?"

"अहो, रजा टाकून दोन दिवस रांगेत उभा होता तो."

"सांगायला काय जातंय! लग्नात मला घड्याळ दिलं होतं त्याने, ते चार दिवसांत बंद."

"तुम्ही चावी पिळून पिळून तोडलीत म्हणून."

सामन्याच्या सकाळी भिंग निघालं. शाई ठीक, कागद जाड. भोकं मात्र फारच सरळ. खरं काम इतकं सरळ नसतं. मशीनवर रोज पहिला कागद ते फाडून बघत; भोकं नीट असली की काठ न कुरतडता सुटायचा. हाताला सवय. टर्र!

"खरं आहे गं!" ते आनंदाने ओरडले.

बायको ओल्या हातांनी धावत आली. भिंगबुवांच्या दोन हातांत दोन तुकडे. 'फाटलेले तिकीट बाद', मागे बारीक अक्षरांत छापलेलं होतं.

तरी गेले. दारवानाने तुकडे जुळवून बघितले.

"आजोबा, हा अर्धा कुठून उचललात?"

"मीच फाडलं. खरं आहे का बघायला."

"वा! ही थाप नवीन आहे. व्हा बाजूला."

बायकोने धड तिकीट मुठीत आवळलं. "मी जाते."

"एकटी?"

"इतकी वर्षं रेडिओपाशी कोण बसायचं माझ्याबरोबर?"

ती आत गेली. भिंगबुवा भिंतीला टेकले. एक जण कुजबुजला, "काका, शेवटचं एकच उरलंय."

त्यांनी त्याच्या तिकिटाच्या भोकांवरून अंगठा फिरवला. "शिलाई मशीनवर पाडलीस."

तो पसार झाला. चोर पकडला, पण एरवीसारखी मजा आली नाही. आत गर्दी गरजली. खिशात फोन वाजला. जावई.

"बाबा, जागा बरी आहे ना? टीव्हीवर तुम्हा दोघांना शोधतोय."

"तिकीट खरं होतं, जावईबापू."

"म्हणजे? खोटं वाटलं होतं?"

भिंगबुवांनी तुकडे खिशात ठेवले. "फोन ठेवू नका. सगळं सांगतो. रांगेत फार वेळ उभे होतात म्हणे?"

"दोन दिवस. का हो?"

नेमके किती तास, हे जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.