बॅकस्पेसनंतर उरलेलं

सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवणाऱ्या आमच्या सरांनी मुग्धाचा प्रोग्रॅम वर्गातल्या मोठ्या पडद्यावर उघडला. छोटासा टेक्स्ट एडिटर होता. त्यात अक्षरं मेमरीत एका रांगेत राहतात आणि कर्सरपाशी मोकळी जागा ठेवलेली असते, म्हणजे मध्येच अक्षर घालताना सगळी रांग सरकवावी लागत नाही. बॅकस्पेस दाबलं तरी अक्षर पुसलं जात नाही. मोकळ्या जागेची हद्द एक घर मागे येते आणि ते अक्षर आता नाही, असं धरायचं.

एडिटर कोरा दिसत होता. सरांनी आतली मेमरी उघडून दाखवली. मुग्धाने चाचणीसाठी टाइप करून खोडलेलं वाक्य मोकळ्या जागेत जसंच्या तसं होतं, इंग्रजी अक्षरांतलं मराठी. सरांनी ते हेल काढून वाचलं, "आई, मला इथून घेऊन जा."

वर्ग खिदळला. मुग्धाची मान खाली गेली.

माणूस नकोसा झाला की आपणही एवढंच करतो. त्याला हातसुद्धा लावत नाही. हद्द थोडी अलीकडे ओढतो आणि पलीकडे कुणी नाही, असं धरून चालतो. फार सोयीचं पडतं.

"प्रोग्रॅम अगदी बरोबर आहे," सर म्हणाले. "आता त्यावर काहीतरी टाइप कर, म्हणजे ते जाईल."

मुग्धा एकेक एक्स दाबू लागली. मोकळी जागा पहिल्या घरापासून भरत जाते. सगळ्यात आधी आई पुसली गेली.