मलमलीचे शेवटचे दोन मीटर

मैत्रिणींनो, आज सकाळी कल्याणच्या बाजारात गेलेले. मी क्रोशाची लेस विणते, ती लावायला रुमालांचं कापड हवं होतं. दुकानदाराने मऊ मलमल काढली. शेवटचे दोनच मीटर होते.

तेवढ्यात माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईंनी आपली लेस त्यावर ठेवून बघितली. इतकी बारीक, इतकी एकसारखी.

दुकानदार त्यांना म्हणाला, "ताई, तुमच्या लेसलाच शोभेल हे."

मला ते फार लागलं. "मी आधी मागितलंय, सगळं मलाच द्या," मी म्हटलं.

"राहू दे, डोंबिवलीत बघते," म्हणून त्या निघून गेल्या.

घरी लावून पाहिलं, तर माझ्या जाड लेसने मलमलीला चुण्या पडतायत.

कोणी ओळखतं का त्यांना? कापड देऊन टाकेन. फक्त लेस लावल्यावर मला फोटो पाठवू नका म्हणावं.