बांधाला टेकवलेलं फावडं

भाईंदर स्टेशनजवळच्या प्लास्टिकच्या दुकानात आम्ही मायलेकी बादलीवरून भांडत होतो, तेव्हा सिसिलचा फोन आला. तेजूला, माझ्या मुलीला, कृषी महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता, रजिस्ट्रेशन झालं होतं आणि हॉस्टेलच्या सामानाची खरेदी चालली होती. तिला झाकणाची बादली हवी होती. मी म्हणत होते, झाकणं टिकत नाहीत, साधी घे. फोनवर सिसिल एवढंच म्हणाली, "सुनंदा, पास्कूला मारला गो... लई मारला." मला वाटलं, झाली असेल कुणाशी तरी हातापायी. तिच्या नवऱ्याची भांडणं काय मला नवीन होती का! मी विचारलंसुद्धा, "आणि त्याने किती जणांना लोळवलं?" तिकडून नुसता रडण्याचा आवाज. बादली तिथंच टाकली आणि रिक्षा पकडली.

हॉस्पिटलात पाहिलं तेव्हा मी त्याला ओळखलं ते पायांवरून. रुंद, भेगाळलेले, अंगठ्यापाशी चिखल सुकलेले पाय. वर चेहरा म्हणून काही उरलंच नव्हतं. सळीने मारलं होतं त्याला. एक डोळा सुजेखाली गडप झालेला, जबडा एका बाजूला सरकलेला, कानामागून रक्त झिरपून उशी काळी पडलेली. नर्स पट्टी बदलत होती आणि ती पट्टी पुन्हा लाल होत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी पास्कू गेला. शांतपणे गेला असं कुणी म्हणालं तर मी त्याच्या अंगावर धावून जाईन. शांतपणे नाही गेला. त्याला ठेचून मारलं.

पास्कू तारोडीचा, मी मुर्ध्याची, दोन्ही भाईंदरकडची गावं. कोकणातल्या एकाच कृषी महाविद्यालयात आम्ही एकाच वर्षी दाखल झालो. आमच्या पट्ट्यातून तिथं पोहोचलेले आम्ही दोघंच, त्यामुळे पहिल्या दिवसापासून त्याने मला बहीण करून टाकलं. बोलायला उर्मट, हसायला मोठ्ठा, आणि राग... बाप रे! मेसमध्ये आमटीत झुरळ निघालं तर सगळं पातेलं उचलून मॅनेजरच्या टेबलावर ओतणारा. मला तो राग आवडायचा, खोटं कशाला बोलू. आमच्यासारख्या घाबरट पोरांमध्ये एक तरी जण असा होता.

तेव्हा पहिल्या वर्षाच्या मुलांना भातखाचरात आडवं पाडायची रीत होती. चिखलणी झालेल्या खाचरात नव्या पोरांना पालथं निजवायचं आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी त्यांच्या पाठीवरून चालत पलीकडे जायचं. चिखल सपाट करायला फळी फिरवतात, तसं याला ते 'फळी मारणं' म्हणत आणि दात काढत. एके दिवशी प्रॅक्टिकल संपल्यावर आम्हा मुलींना बांधावर उभं केलं होतं, बघायला. एका सिनियरने पास्कूच्या खोलीतल्या बारक्या पोराच्या मानेवर टाच दिली आणि दाबून धरली. पोराचे हात चिखलात फडफडले, मग थांबले. पास्कू उठला, बांधावरचं फावडं उचललं आणि फिरवलं. त्या सिनियरच्या गुडघ्यावर बसलं ते. ओली फांदी मोडल्यासारखा आवाज आला. पाय उलट्या दिशेला वाकला आणि तो मुलगा इतका किंचाळला की पलीकडच्या गोठ्यातल्या गाई दावणीला हिसके देऊ लागल्या. बारका पोरगा वाचला. सगळ्यांनी पास्कूला खांद्यावर घ्यायचं बाकी ठेवलं. तो मात्र बांधाशी बसून ओकत होता.

त्याला काही महिने घरी बसवलं, मग परत घेतलं. तो सिनियर कायमचा लंगडा झाला. पदवी झाल्यावर पास्कू त्याच्या गावी गेला होता, माफी मागायला. तो बाहेर आलाच नाही. त्याच्या आईने ओटीवर पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "आमचा पण काय देव नव्हता, बाबा. पण आता त्याला नांगर धरता येत नाही." हे सांगताना पास्कूचा आवाज नेहमी खाली जायचा. मी चिडायचे. म्हणायचे, "अरे, नाहीतर तुझा दोस्त मेला असता!" तो म्हणायचा, "बरोबर हाय तुझं. वाचवायचं तर होतंच. पण ढकलून पन वाचला असता. हातात फावडं होतं म्हणून फावडं मारलं मी."

मी मीरा रोडला कॉलेजात जीवशास्त्र शिकवू लागले आणि तो तारोडीला वडिलांच्या वाडीत परतला. थोडं भात, बाकी भाजी. माझ्या ज्या विद्यार्थ्यांना कृषीला प्रवेश मिळायचा त्यांना मी दरवर्षी त्याच्याकडे पाठवायचे. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून तो घरी आला की पोरं आणि त्यांचे आईबाप वाडीत जमायचे. आईबाप विचारायचे, मेस कशी असते, वायफाय असतं का, स्पर्धा परीक्षांचं काय. पास्कू सगळं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "रजिस्ट्रेशन झालं ना? छान. आता धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्रावर सही केलीत, ते आधी वाचलंत का? वाचा. अंगाला कुणी हात लावला तर त्याच दिवशी वॉर्डनला सांगायचं, घरी सांगायचं, बोंब मारायची. लाजायचं नाही." पॉवर टिलरने बोटं कशी जातात ते तो सांगायचा, आणि ऐकणारी एखादी आई पदर तोंडाला लावायची. मग तो पोरांना मुळ्याच्या वाफ्याशी न्यायचा.

वाफ्यात मुळा मुद्दाम दाट पेरलेला असायचा. विरळणी करायची. म्हणजे दोन रोपांत वीतभर जागा ठेवून मधली सगळी, चांगली तरारलेली रोपं, उपटून टाकायची. बाल्कनीत तुळस आणि मनीप्लांट वाढवलेली पोरं ती. हात थबकायचेच. एक मुलगी तर रडायला लागली, "सर, हे पण जगलं असतं ना?" पास्कू म्हणाला, "जगलं असतं की. म्हणून तर हाताने उपटायचं, बघून उपटायचं. शेती म्हणजे मारणं पन हाय, बाय. तण मारायचं, उंदीर मारायचे, अळ्या चिरडायच्या, म्हातारा कोंबडा कापायचा. कॉलेजात तुला हे कोन सांगनार न्हाय, सगळे हिरवं हिरवं दाखवतील. मारायला शिकायचं तर कुठं थांबायचं तेपन शिकायचं." आणि उठता उठता प्रत्येकाकडून एक गोष्ट वदवून घ्यायचा: अवजार माणसावर उचलणार नाही. कितीही डोकं फिरलं तरी आधी ते खाली ठेवीन, मग भांडायला जाईन. पोरं हसत हसत म्हणायची. त्या फावड्याची हकीकत त्याने त्यांच्यातल्या कुणाला सांगितली नव्हती.

यंदा तेजूची पाळी होती. तिच्यासाठी त्याने मुळा पेरला होता. "भाचीला सोडनार न्हाय, घाम काढीन," असा फोनही आला होता. तो रविवार आलाच नाही.

झालं ते असं. त्याच्या वाडीशेजारचं पडीक खाचर कुणीतरी विकत घेतलं आणि त्यात राडारोड्याचा भराव टाकायला सुरुवात झाली. पास्कूच्या भाताचं पाणी त्याच खाचरातून खाडीकडे उतरतं. त्या दुपारी तो फावड्याने पाण्याची वाट मोकळी करत होता आणि डंपर नेमका त्या वाटेवर मागे येऊ लागला. भात पोटरीला आलेलं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात. पाणी तुंबलं असतं तर सगळं कुजलं असतं. तो डंपरपुढे जाऊन उभा राहिला. शिव्या झाल्या. तिघं जण सळ्या घेऊन उतरले. सिसिल विहिरीपाशी होती, तिने पाहिलं. पोलिसांत गुन्हा दाखल आहे, दोघं पकडलेत, म्हणून मी जास्त लिहीत नाही. पण पास्कूला माती दिल्यावर सिसिलने मला जे सांगितलं ते लिहिणारच. "हातान फावडं होतं गो त्याच्या. त्यांच्याकडं जायच्या आधी त्यानं ते बांधाला टेकवलं. नीट टेकवलं, पडू नये असं. नि मंग गेला."

हे ऐकून मी रडले नाही. मी किंचाळले. मूर्खा, ठेवलंस का रे ते? एकाचा तरी गुडघा फोडायचास! त्या एका गोष्टीपायी मेलास तू! घरी येऊन मी तेजूला सांगितलं, ॲडमिशन रद्द. जिथं आडवं पाडून पाठीवरून चालतात आणि शिकून परत आलं की डोकी फोडतात, तिथं माझी पोर जायची नाही. फार्मसी घे, बीकॉम कर, घरात बस, वाटेल ते कर. प्रवेश रद्द करायची मुदत जवळ आली होती आणि आमच्या घरात ताटल्यांशिवाय कशाचा आवाज नव्हता.

गेल्या रविवारी ती म्हणाली, "मला तारोडीला यायचंय." स्कूटरवर गेलो. सिसिल मिस्सेला गेली होती. भात उभं होतं, पाण्याची वाट गावातल्या लोकांनी मोकळी करून दिलेली. मुळ्याचा वाफा मात्र कुणी हात न लावल्याने नुसता खचाखच, पिवळट, एकमेकांच्या अंगावर पडलेला. आणि फावडं बांधाला टेकलेलं, त्याने ठेवलं होतं तसं. सिसिल ते हलवू देत नाही. तेजूने चपला काढल्या आणि वाफ्यात बसली.

इतक्यात मागे हॉर्न वाजला. डंपर! गल्लीच्या तोंडाशी, रिकामा. माझ्या डोळ्यांपुढे लालच झालं. फावडं कधी उचललं ते कळलं नाही. दांडा ओलसर होता, मुठीत घट्ट बसला, आणि मी निघाले. खिडकीतून एका पोरसवदा ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. "मॅडम, स्कूटर जरा साइड में लो ना," तो म्हणाला, आणि माझ्या हाताकडे पाहून त्याचा चेहरा उतरला. तो त्या तिघांतला नव्हता. मला ते दिसत होतं आणि तरी पाय थांबत नव्हते. त्याचा गुडघा मोडल्याचा आवाज मी आधीच ऐकत होते.

"आई." तेजूने मानही वर केली नव्हती. तिचे हात चालूच होते, एक रोप ठेवत, मधली उपटत. "ते ठेव खाली. विरळणीला फावडं लागत नाही."

मी परत फिरले. फावडं बांधाला टेकवलं. पडेल असं वाटलं म्हणून पुन्हा नीट टेकवलं. मग जाऊन स्कूटर बाजूला घेतली. डंपर गेला. मीही वाफ्यात बसले. पहिली दोन रोपं माझ्याकडून ठेवायची तीच उपटली गेली. तेजू म्हणाली, "बघून, आई." मी बघून उपटू लागले.

परवा तिला हॉस्टेलला सोडायला जातेय. बादली घेतली. झाकणाची.