मामांची भिंत आणि दत्ताची घंटी

देशाच्या संरक्षणाशी निगडित असलेली एक अत्यंत गंभीर बाब मी आज पूर्ण जबाबदारीनिशी जाहीर करत आहे. आपली पश्चिम सीमा भिंत बांधून राखावी की यंत्रं लावून, या प्रश्नाचा निकाल दिल्लीत लागलेला नाही. तो नगरजवळ भिंगारला, आमच्या हिच्या मामांच्या परसात, जिथे मामी मिरच्या वाळत घालायच्या तिथे, बहात्तर सालच्या जानेवारीत लागला. निकालाच्या वेळी मी जातीनं हजर होतो. माझ्याखेरीज एक शेळीही हजर होती, पण तिची साक्ष कुणी नोंदवून घेतली नाही.

मामा गवंडी होते. लष्कराच्या बांधकाम खात्यात त्यांनी उभा जन्म काढला. भिंगारच्या कँपात जिथे जिथे 'आत येण्यास मनाई आहे' अशी पाटी आहे, तिथली मनाई मामांनी स्वतःच्या हातांनी रचलेली आहे. भिंतीवर त्यांच्याइतकं प्रेम करणारा जीव नगर जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि हे मी भिंतीतल्या पाली धरून सांगतो आहे. कुणाच्याही घरी गेले की मामा आधी बोटाच्या पेरानं भिंत ठोकायचे, कान लावून ऐकायचे, आणि मगच यजमानांची खुशाली विचारायचे. भिंत पोकळ वाजली तर खुशाली विचारायचेच नाहीत. भिंत सरळ आहे का ते दोरीला वजन सोडून पाहायचा ओळंबा कायम खिशात. माझ्या लग्नाआधी मुलाकडची चौकशी करायला मामाच आले होते. माझं शिक्षण, छापखान्यातली नोकरी, पत्रिका यांतलं त्यांनी काही विचारलं नाही. आमच्या पडवीच्या कोपऱ्यात ओळंबा सोडला, एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं, आणि परत जाऊन सांगितलं, "पोरगं कसं हाय ठाव न्हाई, पर भित सरळ हाय. द्या पोरगी." माझा संसार त्या ओळंब्यावर उभा आहे. तो पडवीचा कोपरा मी अजून दरवर्षी चुन्यानं रंगवतो.

भुईकोट किल्ल्यावरून जाताना मामा सायकलवरून उतरायचे आणि तटाला हात जोडायचे. देवळावरून मात्र सायकलवर बसूनच नमस्कार. मामींनी एकदा याबद्दल टोकलं, तेव्हा म्हणाले, "देवाचं देऊळबी भितीवरच उभं हाय न्हवं? म्या मुळालाच हात जोडतो."

असा माणूस स्वतःच्या घराला काय भिंत बांधेल! परसाभोवती काळ्या दगडाची, माथ्यावर सिमेंटमध्ये बाटल्यांच्या काचा रोवलेली, पुरुषभर उंचीची. आत राखण्यासारखं होतं काय? एक लिंबाचं झाड, एक पाण्याचं टाकं, आणि मामींच्या मिरच्या. पण मामांचं म्हणणं असं, की आत काय आहे हा प्रश्न भिंतीनं विचारायचाच नसतो.

या घरात दत्ता जन्मला, हा दैवाचा खट्याळपणा. दत्ता म्हणजे मामांचा एकुलता एक मुलगा. ज्या हातात थापी यायची त्या हातात लहानपणापासून तारा. भंगार बाजारातून आणलेल्या मोडक्या रेडिओत तो डोकं खुपसून बसायचा, आणि मोठा झाल्यावर फौजेत गेला तोही वायरलेसवर. मामांना बंदूकवाला मुलगा चालला असता, खंदक खणणारा तर आवडला असता. पण दूरच्या माणसाचं बोलणं कानाला डबडी लावून ऐकायचं, याला ते चोरून ऐकणं म्हणायचे.

दत्ता रजेवर आला की बाप-लेकांचं युद्ध पेटायचं. पाकिस्तानची सीमा राखायची कशी? मामांची योजना तयार होती. कच्छपासून काश्मीरपर्यंत काळ्या दगडाची भिंत, माथ्यावर काचा. काचांसाठी देशभर बाटल्या गोळा करायच्या. मुकादम सगळे नगर जिल्ह्यातले. तसा अर्ज त्यांनी माझ्याकडून छापखान्याच्या उत्तम कागदावर लिहून घेऊन दिल्लीला धाडला होता. उत्तर आलं नाही. मामा त्याचा अर्थ 'विचार चालू आहे' असा लावत.

"आबा," दत्ता म्हणायचा, "भिंतीपल्याड काय चाललंय ते भिंतीला दिसतं का? आता यंत्रं येतायत. पलीकडं कुणी हाललं की अलीकडं कळतं."

"कळून काय करायचं? चोर आला हे कळतं आन् चोर येतोच! माझ्या भितीला कळत न्हाई काय, पर येऊ देत न्हाई."

"तट होते तरी किल्ले पडलेच की."

"किल्ले मानसांनी पाडले. भित कधी फितूर झाली न्हाई!"

एकदा मात्र दत्तानं मर्मावर बोट ठेवलं. शांतपणे विचारलं, "आबा, तिकडं सगळी वाळू आहे. पाया किती खोल घेणार?"

मामा ओळंबा खिशात टाकून उठले. त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी टाक्याजवळ वाळूचा ढीग घालून त्यात पाया खणायला बसले. तिसऱ्या दिवशी मामींनी ती वाळू भांडी घासायला नेली आणि प्रश्न अनुत्तरित राहिला.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात दत्ता आला तो पिशवीत तारा, बॅटऱ्या आणि एक पितळी घंटी घेऊन. भिंतीच्या माथ्यावरून, काचांच्या मधून, त्यानं तार फिरवली. भिंतीवर कुणाचाही भार पडला की घंटी वाजणार. घंटी बसवली कुठे, तर स्वयंपाकघरात, चुलीच्या वर. मी म्हटलं, अरे, ओसरीवर लाव, मामांच्या उशाशी. दत्ता म्हणाला, "या घरात सतत जागं कोण असतं भाऊजी? आई."

मामांनी त्या घंटीचा भयंकर अपमान मानला. भिंतीला घंटी बांधणं म्हणजे पैलवानाला काठी देण्यासारखं. रजा संपली त्या दिवशी निघता निघता पुन्हा जुंपली. टांगा दारात उभा. मी होतो, मामी होत्या, आणि शेजारच्या हौसाबाई त्यांच्या चंपी नावाच्या शेळीला घेऊन उभ्या होत्या.

दत्ता टांग्यात चढला आणि म्हणाला, "आबा, पैज. पुढच्या रजेला फाटकातून येणार नाही. तुमच्या भिंतीवरून येणार. आलो की तुम्ही सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडायचं, भिंत हरली म्हणून."

"आन् न्हाई आलास तर?" मामा तोऱ्यात म्हणाले.

"असं नगा बोलू," मामी पटकन म्हणाल्या.

सगळे हसले. टांगा गेला. मामांनी त्याच आठवड्यात भिंतीवर आणखी एक थर चढवला आणि काचा नव्यानं रोवल्या, हिरव्या, जाड बुडाच्या. उरलेले दगड बाहेरच्या अंगाला हौसाबाईंच्या कुडाशी रचून ठेवले.

डिसेंबरात युद्ध सुरू झालं. भिंगारात दिवेबंदी आली. खिडक्यांना काळे कागद लागले. दत्ता सीमेवर होता एवढंच ठाऊक. कुठे, ते नाही. फौजेच्या पत्त्यात गाव नसतं, नुसता आकडा. मामा तो आकडा पुन्हा पुन्हा वाचायचे. "ह्ये कसलं गाव?" मला विचारायचे. "आकड्याला भित कुटून बांदायची, जावईबापू?"

त्या दिवसांत मामांनी भिंगारच्या बाजारात फौजी दिसला की गाठायला सुरुवात केली. "राजस्थानाकडं व्हता का? जमीन कशी हाय तिकडची? मुरूम कुठं लागतो? खणलं तर वाळू ढासळती का?" लोक हसायचे, म्हातारा अजून भिंतीचा पाया शोधतोय. मीही आधी हसलो. मग एकदा त्यांनी एका जवानाला विचारलेलं कानावर पडलं, "बसलेला मानूस झाकंल एवढा तरी खड्डा टिकतो का हो?" त्यानंतर मला हसू आलं नाही.

युद्ध पंधरवड्यात संपलं. पेढे वाटले गेले. दत्ताचं पत्र आलं नाही. डिसेंबर सरला, संक्रांत आली, पत्र नाही. तार नाही म्हणजे खुशाल आहे, असं सगळे म्हणत. मामा पोस्टमनची सायकल दिसली की घरात निघून जायचे, आणि ती पुढे गेली की बाहेर येऊन विचारायचे, "कुनाकडं थांबला?"

मी दर रविवारी सायकल मारत भिंगारला जायचो. डिसेंबर संपता संपता एका रविवारी पाहतो तो भिंतीच्या लिंबाकडच्या टोकाला, हात-दीड हात रुंदीत, काचा नाहीत. छिन्नीनं साफ केलेल्या. नुसत्या साफ नाहीत, जागा घासून गुळगुळीत केलेली.

"मामा, काचा कुठं गेल्या?"

"थंडीनं निसाटल्या," मामा म्हणाले. आणि लिंबाकडे बघायला लागले.

पुढच्या रविवारी तिथला वरचा थरही निघालेला होता. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी एक. ज्या माणसानं जन्मात भिंतीचा एक चिराही उतरवला नव्हता, तो रोज सकाळी, आळी उठायच्या आत, स्वतःच्या भिंतीत वाट करत होता. दत्ताची तार मात्र त्यांनी त्या खाचेतूनही नीट ताणून बसवली होती आणि बॅटऱ्या बदलल्या होत्या. मामींच्या भाकऱ्या दोन जास्त व्हायला लागल्या होत्या.

या लष्करी हालचालीचा सुगावा शत्रूपक्षात सर्वांत आधी लागला तो चंपीला. खाचेबाहेर उरलेल्या दगडांची रास आयतीच होती. रास चढायची, खाचेत पाय टेकायचा, आणि आत मामींच्या मिरच्यांशेजारी उडी. दिवसातून तीनदा. पाय टेकला की घंटी. आणि घंटी वाजली की घर थांबायचं. मामींचा पिठातला हात पिठात, मामांचा तोंडाकडे निघालेला घास वाटेत. मग परसातून 'ब्यँ' ऐकू यायचं, आणि मामी हळूच म्हणायच्या, "शेळी."

खाच बुजवा, मी सुचवलं. मामा म्हणाले, "सवड झाली की." सवड त्यांना दिवसभर होती. शेळीला काठी मारायलाही जायचे नाहीत. नुसते परसात जायचे, तिला बघायचे आणि परत यायचे. दिवसातून तीनदा.

रथसप्तमीच्या सुमाराचा रविवार. भर दुपार. मी आणि मामा जेवायला बसलो होतो, मामी चुलीपाशी. परसातल्या दारातून हौसाबाई आल्या, तिळगुळाची वाटी एका हातात आणि दावं दुसऱ्या हातात. दाव्याला चंपी.

"भाऊ, आज हिला बांदूनच आनली," हौसाबाई म्हणाल्या. "कालच्याला मिरच्या खाऊन रातभर ठसकत व्हती. दिल्लीला भिती बांदायला निगालात आन् माझी शेळी आडवता येईना तुमास्नी! काय म्हनावं तुमच्या गवंडीकामाला?"

"तुझी शेळीच चढाऊ हाय," मामा म्हणाले. बोलण्यात जोर नव्हता.

"शेळी चढाऊ न्हाई, तुमची भित पडाऊ झाली. पयली कशी व्हती! मांजर थबकायचं. आता..."

घंटी वाजली.

आम्ही सगळ्यांनी चंपीकडे पाहिलं. चंपीनं आमच्याकडे पाहिलं.

घंटी वाजतच राहिली. मामींच्या हातातली भाकरी तव्यावर पडायची ती चुलीत पडली. मामा ताटावरून उठले. हात धुतला नाही. मी त्यांच्या मागे धावलो, हौसाबाई माझ्या मागे, आणि चंपी हौसाबाईंना ओढत सगळ्यांच्या पुढे.

लिंबाकडच्या खाचेत, एक पाय आत आणि एक पाय बाहेर टाकून, दत्ता बसला होता. दाढी वाढलेली, अर्धा झालेला, खांद्यावर फौजी पिशवी. तारेवर बसला होता, म्हणून घंटी थांबत नव्हती. त्यानं गुळगुळीत दगडावरून हात फिरवला. उतरलेल्या थरांकडे पाहिलं.

"आबा," तो म्हणाला, "इथल्या काचा कुठं गेल्या?"

मामांनी डावा हात लिंबाला टेकला. मामी दारात येऊन उभ्या होत्या, पिठाचे हात तसेच पुढे. मला वाटलं, आता मामा खाली बसणार, आणि मी त्यांना धरायला पुढे झालो. त्यांनी माझा हात झटकला. दत्ताकडे पाठ केली, आळीकडे तोंड केलं, उष्टा हात आभाळाकडे उचलला, आणि चाळीस वर्षं बांधकामाच्या परांचीवरून ओरडून कमावलेल्या आवाजात, किल्ल्याच्या तटापर्यंत ऐकू जाईल असे ओरडले,

"अरं हरली! माझी भित हरली रं!"