मागं धावायचं नाही

रायपूर विमानतळाच्या काचेबाहेर बाबा उभे होते. आई रडत होती, पण आईचं रडणं मला ओळखीचं होतं. बाबा रडत नव्हते. हात मागे बांधून ते माझ्याकडे एकटक बघत होते, जणू पापणी लवली तर मी नाहीशी होईन. माझी रांग पुढे सरकली तसे तेही काचेबाहेरून दोन-दोन पावलं सरकत आले. मग भिंत आली आणि ते दिसेनासे झाले.

सकाळी भिलाईहून निघताना ते गाडीत जवळजवळ बोललेच नव्हते. चरोद्याचं रेल्वे यार्ड मागे पडत होतं, मालगाडीचे डबे संपता संपत नव्हते, तेव्हा एवढंच म्हणाले, "पोचली का फोन कर. मधात बी कर."

तुम्ही जे तिकडेच राहिलात, त्यांना वाटतं की निघालेल्या माणसाच्या पोटात फुलपाखरं उडत असतात. जे माझ्यासारखे निघाले त्यांना माहीत आहे, पोटात दगड असतो. मी सव्वीस वर्षांची होते. पोलादाचे नमुने तपासायचं काम फ्रान्समधल्या लिऑन शहरात मिळालं होतं. आमच्या सेक्टरमध्ये, म्हणजे कारखान्याच्या वसाहतीत, आईने पेढे वाटले होते. आणि मला इतकं भेव वाटत होतं, की विमान उडताना शेजारच्या अनोळखी बाईचा हात धरावा असं सारखं मनात येत होतं. धरला नाही.

भेव हा शब्द मी इथे मुद्दाम लिहिते. 'भीती' आम्हाला पुस्तकात भेटली. घरी होतं ते भेव. बाबा भिलाईच्या पोलाद कारखान्यात, कोक ओव्हनमध्ये, म्हणजे कोळसा भाजायच्या भट्ट्यांवर कामाला. त्यांची शिफ्ट सुटायच्या वेळेला आई काही ना काही निमित्त काढून क्वार्टरच्या फाटकाशी यायची. प्लांटच्या बाजूने सायरन ऐकू आला की आमच्या ओळीतल्या सगळ्या बायका हातातलं काम टाकून बाहेर यायच्या. कणकेचे हात तसेच. कोणी कोणाशी बोलायचं नाही. बहुतेक वेळा ती नुसती ड्रिल निघायची, आणि बायका हसत आत जायच्या. पण त्या हसण्याआधीची शांतता मी लहानपणापासून ऐकली आहे.

लिऑनला आल्यावर हे भेव वेगळंच झालं. तिथे सायरन नव्हता, फाटक नव्हतं, वाट बघणारं कोणी नव्हतं. मी एका इमारतीत चौथ्या मजल्यावर राहत होते. शेजारी भेटला की "बोंजूर" म्हणायचा आणि दार लावून घ्यायचा. मी बाथरूममध्ये घसरून पडले तर कोणाला कधी कळेल, हा विचार अंघोळीच्या वेळी रोज यायचा. मी दार उघडं ठेवून अंघोळ करायला लागले. घरी फोनवर मात्र सगळं मस्त होतं.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर क्लेअर नावाची मुलगी बसायची. तिचे आईवडील शहरापासून लांब, वाइन पिकवणाऱ्या एका लहानशा गावात राहायचे. सप्टेंबर लागला तसं ती म्हणाली, द्राक्षांची तोडणी चालू आहे, चल माझ्यासोबत शनिवार-रविवार. इतक्या महिन्यांत मला कोणी घरी बोलावलं नव्हतं. मी लगेच हो म्हटलं.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "दारूच्या गावाले कावून जाऊन राहिली तू?"

"दारू नाही आई, द्राक्षं आहेत."

"द्राक्षं त दुर्गच्या बाजारात बी भेटतात."

गाव टेकडीच्या उतारावर होतं. एक चर्च, एक बेकरी, एक औषधाचं दुकान आणि चारी बाजूंनी द्राक्षांच्या सरळ रांगा. दुपारी सगळ्या खिडक्यांची लाकडी दारं बंद. रस्त्यावर माणूस नाही. आणि गावभर एक आंबूस-गोड वास भरून राहिलेला. मला तो ओळखीचा वाटला. आमच्याकडे उतईच्या पुढच्या खेड्यांमधून जाताना मोहाचा जसा वास यायचा, तसाच.

क्लेअरचे वडील मिशेल सत्तरीला आलेले, ठेंगणे, हाताची बोटं द्राक्षाच्या रसाने काळी पडलेली. आई ओदिल उंच, सतत कामात, फार कमी बोलणारी. मला फ्रेंच मोडकंतोडकं येत होतं. मिशेलना त्याचं काही नव्हतं. रविवारी सकाळी त्यांनी मला तळघरात नेलं. स्वयंपाकघराच्या मागच्या बोळातून दगडी पायऱ्या खाली उतरत होत्या. खाली सिमेंटच्या मोठ्या टाक्या, त्यांत द्राक्षं आंबत होती. टाकीला कान लावून बघ म्हणाले. आतून बारीक खदखद ऐकू येत होती.

भिंतीत एक मोठा पंखा घरघरत होता. क्लेअरने सांगितलं, द्राक्षं आंबताना त्यातून वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. हवेपेक्षा जड असतो, म्हणून पाण्यासारखा तळाशी साचतो. पंखा तो बाहेर फेकतो. मिशेल हसत मला म्हणाले, "घाबरू नकोस, आम्ही चार पिढ्या इथेच आहोत." मी हसले आणि सगळ्यांच्या आधी वर आले.

जेवण झाल्यावर क्लेअर मजुरांना घेऊन ट्रॅक्टरवरून मळ्यात गेली. मी ओदिलबरोबर भांडी धुवायला थांबले. ती धुवत होती, मी पुसत होते. एकाएकी तिने नळ बंद केला आणि कान दिला. मलाही कळायला एक क्षण लागला. पंख्याची घरघर थांबली होती.

"मिशेल?" ती मोठ्याने म्हणाली.

घरातली वीज गेली होती. पंखा का थांबला ते बघायला मिशेल खाली गेले असणार. ओदिल बोळातून धावली, मी तिच्या मागे. तळघराचं दार उघडं होतं. खिडकीतून येणाऱ्या उजेडात शेवटच्या पायरीवर मिशेलचा एक बूट दिसला. बुटात पाय होता. बाकीचे ते खाली फरशीवर, तोंड दुसरीकडे.

ओदिल पायऱ्या उतरायला लागली आणि मी मागून तिच्या कमरेला मिठी मारली.

हे मी विचार करून केलं नाही. आमच्या घरी एक नियम होता. विहीर असो, टाकं असो, गटाराचं भोक असो, आत कोणी पडलं तर मागं धावायचं नाही, आधी ओरडायचं. बाबांनी हे मला आणि माझ्या भावाला इतक्यांदा ऐकवलं होतं, की आम्ही त्याची नक्कल करून हसायचो. त्या पायऱ्यांवर माझ्या हातांनी तो नियम पाळला. माझं डोकं तर फक्त किंचाळत होतं.

ओदिल माझ्यापेक्षा ताकदवान होती. तिने कोपराने मला मारलं, माझ्या हाताला नखं लावली, माझी बोटं उलगडायला बघितली. "सोड! सोड मला!" एवढं फ्रेंच मला कळत होतं. मी पाय चौकटीला अडवले आणि तिला घेऊन मागे पडले. मदतीसाठी ओरडायचं होतं, पण एकही फ्रेंच शब्द सापडेना. मी हिंदीत ओरडले. "बचाओ! अरे कोई है? बचाओ!"

भाषा कळली नाही तरी ओरडणं कळतं. समोरच्या घरातला माणूस धावत आला, त्याने खाली एक नजर टाकली आणि आमच्याकडे न येता उलटा गल्लीत पळाला. गल्लीच्या बाजूने तळघराला मोठं लाकडी दार होतं, द्राक्षं आत घ्यायचं. त्याने ते बाहेरून सताड उघडलं. वारा आत शिरल्याचं आम्हाला वरपर्यंत जाणवलं. त्याच्या बायकोने फोन लावला होता. आणि मग गावाच्या कचेरीच्या छपरावरून सायरन वाजला.

तिथे आग विझवणारे लोक गावातलेच असतात, सायरन वाजला की आपापलं काम टाकून येतात. मला हे नंतर कळलं. तेव्हा मी फक्त तो आवाज ऐकला. मला आमच्या ओळीतल्या बायका दिसल्या. ओदिल माझ्या अंगावर रेलून पडली होती. तिने धडपड थांबवली होती आणि ती एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती, नवऱ्याचं नाव.

सकाळी ज्याने बेकरीत मला पाव दिला होता, तोच माणूस पाठीवर हवेचं नळकांडं लावून खाली उतरला. त्यांनी मिशेलना गल्लीत आणून झोपवलं. त्यांचा चेहरा राखेच्या रंगाचा होता. तोंडावर प्राणवायूचा मास्क लावला. आम्ही सगळे उभे होतो, मळ्यातून धावत आलेली क्लेअरही, आणि कोणी काही बोलत नव्हतं. मग मिशेल खोकले. फार घाण खोकले. मी तिथेच गटाराच्या कडेला बसले.

त्यांना दवाखान्यात नेलं. ओदिलने गाडीत बसताना माझ्याकडे बघितलंही नाही. लोक माझ्या पाठीवर हात ठेवत होते, शाबासकीचं काहीबाही बोलत होते. मला मात्र दिसत होता तो मघाचा बूट. ते जगले नाहीत तर? त्या बाईला आयुष्यभर वाटणार, मला जाऊ दिलं असतं तर मी त्यांना ओढून आणलं असतं. आणि तिला अडवणारी कोण? एक दिवसाची पाहुणी.

मी संध्याकाळच्या गाडीने परत आले. क्लेअर सोमवारी ऑफिसला आली नाही. मंगळवारी तिचा निरोप आला, ते शुद्धीवर आहेत, पण अजून काही सांगता येत नाही. त्या दिवशी मी घरी पहिल्यांदा खरं बोलले. आईने ऐकलं आणि फोन बाबांना दिला.

बाबांनी आधी एवढंच विचारलं, "सोडलं नाही न तू?"

"नाही."

"मारलं असन तिनं."

"हो. हात सुजलाय."

"मले बी चावला होता," बाबा म्हणाले.

लग्नाआधी बाबा उतईजवळ आजोबांच्या शेतावर राहत. उन्हाळ्यात शेजारच्या शेतातली विहीर साफ करायला घेतली होती. त्या शेताचे मालक तिघं भाऊ होते. "मोठा उतरला, तो खालीच बसला. मधला त्याच्या मागं उतरला, तो बी नाही आला. धाकटा मनहरण दोर धरून राहिला होता, म्या त्याले मागून पकडलं. लय मारलं त्यानं मले. पन म्या नाही सोडलं."

"मग?"

"मंग काय. दोघं गेले, एक राहिला. लय वर्सं बोलला नाही तो माह्याशी. रस्त्यात दिसला का मान फिरवे."

हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. आम्ही फक्त नियम ऐकला होता.

"बाबा, कधीच नाही बोलला?"

"बोलला न. पोरीच्या लग्नाचं आमंत्रन द्यायले घरी आला. चहा पेला. विहिरीचं नाही काढलं. म्या बी नाही काढलं." मग ते म्हणाले, "ते बाई नाही बोलली त वाईट नोको वाटून घेऊ. ते बाई जिवंत हाय, म्हनूनच त रागावून राहिली."

मिशेल वाचले. त्या दिवसाचं त्यांना काही आठवत नाही, आणि आता जिना चढताना धाप लागते. हिवाळ्यात क्लेअर म्हणाली, आईने तुला बोलावलंय. मी टाळत होते. शेवटी गेले. मळे उघडे पडले होते, ओदिल गारठ्यात वेलींची छाटणी करत होती. तिने माझ्या हातात एक कात्री दिली आणि कुठे कापायचं ते दाखवलं. रांग संपेपर्यंत आम्ही छाटत राहिलो. मग कात्री बंद करून, माझ्याकडे न बघता, मला समजावं म्हणून अगदी हळू ती म्हणाली, "पुन्हा तसं झालं, तर मी पुन्हा धावेन."

मी पायाशी पडलेल्या काड्या गोळा करायला वाकले.

"तू पुन्हा धर," ती म्हणाली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. बाबा निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं, ते दोघं दुर्गला मोहन नगरमध्ये राहतात. सुट्टीत मी तिथे जाते तेव्हा ते घर मला नवं वाटतं, चमचे कुठे आहेत ते विचारावं लागतं. लिऑनमधल्या माझ्या फ्लॅटला मी अजून घर म्हणत नाही. पण दर वर्षी सप्टेंबर आला की माझी झोप उडते. मी ओदिलला फोन करते, पंखा तपासला का, वीज गेली तर खाली उतरू नका. ती चिडते. मग मिशेलना फोनवर बोलवायला लावते, त्यांचा आवाज ऐकल्यावर मला जेवण जातं.

गेल्या वर्षी आईशी बोलता बोलता हे सांगितलं. म्हटलं, इथे येऊन इतकी वर्षं झाली तरी माझं भेव काही जात नाही बघ.

"कोनाचं भेव लागते तुले आता?" आईने विचारलं.

"माझं नाही गं. त्या म्हाताऱ्याचं. त्याला काही होईल म्हणून."

बाबा अजून बाजारातून आले नव्हते, ती फाटकाशी उभी असणार; मागे रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येत होत्या.

"मंग तिकडं बी तुहं घर झालं म्हनायचं," ती म्हणाली, आणि फोन ठेवायची घाई करू लागली, कारण बाबा वळणावर दिसले होते.